जामिनाला जामीन

ज्याच्या नावाने संगणकाच्या मुलखात स्वातंत्र्याची द्वाही फिरवली जाते, त्या लिनक्सच्या राज्यात मी राजीखुशीने नांदतो. म्हणूनच तेथे एखादे सॉफ्टवेअर बसवून घेणे हे जुन्या मामलेदार कचेरीत अर्ज गुदरण्यासारखे आहे, असे म्हणण्याचा मला अधिकार पोहोचतो.

छायाचित्रे नीटनेटकी करणारे एखादे साधन मिळावे, एवढीच माझी मागणी असते. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर 'सुडो' ही अधिकारमुद्रा उमटवून मी 'ॲप्ट' नामक कारकुनापुढे उभा राहतो. ती मुद्रा प्रथम परवलीचा शब्द मागते. आणि तो टंकताना पडद्यावर एक ठिपकादेखील उमटत नसल्याने, आपण काही लिहीत आहोत की बोटांना निव्वळ व्यायाम देत आहोत, याचा निर्वाळा कोणीच देत नाही. पुढे कळते की दफ्तराला कुलूप आहे, कारण कोणी अज्ञात अंमलदार आत परस्पर अद्ययावतीकरणात गढला आहे. कुलूप निघाले की जामिनांचा प्रश्न उपस्थित होतो. सॉफ्टवेअरला एक लायब्ररी जामीन लागते, त्या जामिनाला दुसरा जामीन लागतो, आणि हा दुसरा हव्या त्या आवृत्तीहून किंचित जुना निघाल्यामुळे सबंध अर्ज नामंजूर होतो. शिवाय 'मोडकी पॅकेजे तुम्हीच अडवून धरली आहेत' अशा आशयाचा ठपका माझ्यावर येतो तो वेगळाच. याच ॲप्टला 'मू' अशी आज्ञा करावी, तर मात्र अक्षरांनी रेखाटलेली एक गाय तो विनातक्रार, विनाजामीन हजर करतो!

उपाय निघाले नाहीत असे नाही. ते फार निघाले. लिनक्सच्या डेबियन घराण्याचे 'डेब' आणि रेड हॅट घराण्याचे 'आरपीएम' या दोन पॅकेज-पद्धतींचा जुना कज्जा मिटवण्यासाठी स्नॅप, फ्लॅटपॅक व ॲपइमेज असे लवाद आले, आणि तेही यथावकाश पक्षकार होऊन बसले. फ्लॅटपॅक आपले जामीन बरोबर आणते खरे, परंतु बेरीज-वजाबाकीच्या चिमुकल्या साधनापायी शेकडो मेगाबाइटांचा कुटुंबकबिला डिस्कवर उतरवते.

ज्यांनी 1991 साली लिनक्सचे बीजारोपण केले, ते लिनस टॉरव्हाल्ड्स हेही यातून सुटलेले नाहीत. पाणबुड्यांच्या बुड्यांची नोंद ठेवणारे 'सबसरफेस' हे त्यांनीच सुरू केलेले सॉफ्टवेअर. ते विंडोज आणि मॅकसाठी आम्ही तयार करून देतो, लिनक्ससाठी मात्र जवळजवळ नाहीच, असे त्यांनी 2014 साली पोर्टलंड येथे, डेबियनच्याच परिषदेत, यजमानांच्या तोंडावर सांगितले.

तेव्हा वाचकांत कोणी प्रोग्रामर असतील, तर त्यांना हात जोडून विनंती आहे: कृपा करून आणखी एक नवा लवाद नेमू नका.