फ्रेममध्ये फक्त दोघं

मुंबईच्या उपनगरांत एक अलिखित कायदा आहे. एक मुलगा आणि एक मुलगी बागेतल्या बाकावर हातात हात घालून बसली, तर तो चावटपणा. तीच दोघं, त्याच बाकावर, तसाच हात धरून बसली आणि समोर तिसरा माणूस कॅमेरा घेऊन उकिडवा बसला, तर ते शूटिंग. चावटपणा दिसला की वॉचमन शिट्टी फुंकत येतो. शूटिंग दिसलं तरी तोच येतो, पण शिट्टी खिशात घालून, आणि मागून फेऱ्या मारणाऱ्या आजोबांना दटावतो, ‘अंकल, फ्रेम में मत आओ!’

तो तिसरा माणूस म्हणजे मी. साखरपुड्याचे, प्री-वेडिंगचे आणि लग्नाचे फोटो काढणं हा माझा धंदा. व्हिजिटिंग कार्डावर ‘वेडिंग स्टोरीटेलर’ असं छापलंय, पण ते भाच्याच्या आग्रहाखातर. खरं तर मी चालता-बोलता परवाना आहे.

अतिशयोक्ती वाटत असेल तर बोरिवलीचंच घ्या. संध्याकाळी गाड्या लावून बसणाऱ्या जोडप्यांना कंटाळून २०२१ साली तिथल्या एका सोसायटीच्या रहिवाशांनी गेटासमोरच्या रस्त्यावर ठळक अक्षरांत ‘नो किसिंग झोन’ असं रंगवून घेतलं. त्याची देशभर बातमी झाली. मला एका जोडप्याचा फोन आला, ‘दादा, तिथे प्री-वेडिंग करता येईल का? बॅकग्राउंड एकदम युनिक आहे.’

त्याआधी ऑगस्ट २०१५ मध्ये पोलिसांनी मढ-आक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घातले आणि चाळीसेक जोडपी उचलून नेली. सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन केलं म्हणून बाराशे रुपये दंडही ठोठावला. सार्वजनिक ठिकाण म्हणजे हॉटेलातली आतून कडी लावलेली खोली. पुढे त्यावर टीका झाली, चौकशी लागली. त्याच मढला बंगले भाड्याने घेऊन मालिकांमधले मधुचंद्र पार पडतात आणि आमची प्री-वेडिंगही होतात. तिथे मुलगा मुलीला उचलून गोल गोल फिरवतो आणि बंगल्याचा मॅनेजर अदबीने विचारतो, ‘आणखी एक टेक घेताय का? जनरेटर चालू ठेवू?’

कॅमेऱ्याची आपल्याकडे एवढी इज्जत पूर्वीपासून होती असं मात्र नाही. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी फोटोग्राफर होते. गोध्र्यात धंदा मांडला, तिथे १९०० च्या प्लेगने घर उद्ध्वस्त केलं. मग बडोद्याला पुन्हा सुरुवात केली, तर शहरात अफवा उठली की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो. धंदा बसला. आता ती अफवा राहिलेली नाही, अनुभव झाला आहे. मे महिन्यात भर दुपारी शेरवानी घालून आक्साच्या वाळूत धावणाऱ्या नवऱ्या मुलाच्या अंगातली शक्ती निघून जाताना मी या डोळ्यांनी पाहिली आहे. तरी बुकिंग वाढतंच आहे.

माझ्या वडिलांचा घाटकोपरला स्टुडिओ होता. लग्नानंतर आठवड्याभरात नवं जोडपं तिथे यायचं, सोबत नणंद. एक खुर्ची, एक फुलदाणी आणि मागे रंगवलेला पडदा. एका पडद्यावर काश्मीर, दुसऱ्यावर ताजमहाल. डेस्टिनेशन तेव्हाही होतं, फक्त संध्याकाळी ते गुंडाळून माळ्यावर टाकता यायचं. वडील म्हणायचे, ‘वहिनी, थोडं जवळ सरका.’ वहिनी नणंदेकडे बघायच्या. नणंदेने मान हलवली की चार बोटं सरकायच्या. रोल छत्तीस फोटोंचा, त्यामुळे लाजणंही काटकसरीने चालायचं. आता एका कार्डात हजारो फोटो मावतात आणि कितीही लाजलं तरी जागा उरते.

पण गिऱ्हाइकाची मागणी पालटली. वडिलांकडे येणाऱ्यांना मागे काहीतरी हवं असायचं. माझ्याकडे येणाऱ्यांना मागे कोणी नको असतं. ‘दादा, फक्त आम्ही दोघंच दिसलो पाहिजे.’ उपनगरात पैसे टाकले तर रात्री दोन वाजता पावभाजी मिळते, पहाटे चारला रिक्षा मिळते, पण ‘कोणी नको’ ही वस्तू कुठल्याच दुकानात मिळत नाही. दोघांच्या घरच्या खोल्या मिळून चार, माणसं अकरा. लोकलने एकत्र जावं तर तो जनरलमध्ये, ती लेडीजमध्ये. साखरपुडा होऊन महिने लोटले तरी दोघांचं निवांत बोलणं झालेलं असतं ते फोनवर. तो जिन्यात उभा, ती गॅलरीत वाळणाऱ्या चादरीच्या आड. त्यांना न मिळालेली जागा फोटोत हवी असते.

ती मी लेन्सने करून देतो. माझ्याकडे पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स आहे. तिचं छिद्र सताड उघडलं, एक पॉइंट चारवर नेलं, की फोकस जेमतेम पापणीपासून कानापर्यंत टिकतो आणि मागची सगळी दुनिया विरघळते. रिक्षाचा हेडलाइट सोनेरी गोल ठिपका होऊन बसतो. साहेबांच्या वाढदिवसाच्या फलकावरचे सत्तावीस शुभेच्छुक एकमेकांत मिसळून नुसता केशरी रंग उरतो. वडापावच्या गाडीचा धूर म्हणजे फुकटचं फॉग मशीन. अंधेरीच्या लिंक रोडवर काढलेला फोटो बघून पुण्याची आत्या विचारते, ‘हे कुठलं गं? युरोप का?’

लेन्स मागचं पुसते. माझ्या मागचं पुसत नाही, आणि खरी जत्रा तिथेच असते. मुलीची आई, हातात पाण्याची बाटली आणि नॅपकिन. धाकटा भाऊ, ‘सोबत’ म्हणून घरच्यांनी पाठवलेला, एका हातात रिफ्लेक्टर आणि दुसऱ्यात मोबाइलवरचा गेम. मेकअपवाली. माझा असिस्टंट, ज्याचं काम गाऊनचा घोळ हवेत भिरकावून क्षणात फ्रेमबाहेर उडी मारणं. गाऊन भाड्याचा आणि कुणालाही बसावा अशा मापाचा, म्हणून पाठीमागे चिमटे लावून आवळलेला. समोरून राजकन्या, मागून वाळत घातलेलं धुणं. शिवाय क्रिकेट थांबवून बघत उभी राहिलेली पोरं. त्यांच्यातला एखादा हमखास ओरडतो, ‘भैया, किस लो ना!’ आणि मुलीची आई माझ्याकडे अशी बघते, जणू तो मीच शिकवून आणलाय.

ड्रोनचं वेड सगळ्यांना. पण अंधेरी आणि घाटकोपर ही विमानतळाच्या दोन अंगांची गावं. तिथे परवानगीशिवाय ड्रोन सोडला, तर वरून जोडपं दिसण्याआधी आतून पोलीस स्टेशन दिसतं.

त्यामानाने राष्ट्रीय उद्यान बरं. मुलुंडची मुलगी आणि बोरिवलीचा मुलगा हे स्थळ नकाशावर अगदी शेजारचं. मध्ये फक्त शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचं जंगल आणि त्यातले बिबटे. बिबट्या मनात आलं की इकडून तिकडे जातो, वऱ्हाडाला मात्र पवईवरून नाहीतर घोडबंदरवरून वळसा पडतो. जंगलाखालून ठाणे-बोरिवली बोगदा होतो आहे, पण मुहूर्त काही त्याच्यासाठी थांबत नाहीत. अशा जोडप्यांना मी उद्यानातच बोलावतो, म्हणजे दोन्ही पक्षांना न्याय. मोठं प्रवेशद्वार बोरिवलीच्या बाजूला असल्यामुळे वळसा शेवटी मुलीकडच्यांनाच पडतो, पण त्याची सवय लग्नाआधी झालेली बरी. वनखात्याची परवानगी घ्यायची, फी भरायची आणि सोमवारी उद्यान बंद असतं हे विसरायचं नाही. वर कान्हेरीला जावं तर लेणी पुरातत्त्व खात्याची. हातातला कॅमेरा त्यांना चालतो, ट्रायपॉडला वेगळी परवानगी. तीन पाय आहेत म्हटल्यावर ते त्याला वेगळा प्राणी समजत असावेत. ज्या ओट्यांवर भिक्षूंनी सगळा मोह सोडून दिला, तिथे बसून मुलगा विचारतो, ‘दादा, ओढणी उडवायची ती इथे करूया का?’

याच उद्यानातला एक मुलगा मला विसरता येत नाही. आयटीतला, सरळमार्गी. मी म्हणायचो, ‘तिच्याकडे बघ.’ तो म्हणायचा, ‘बघतोय.’ बघत होता तिच्या कपाळाकडे. कपाळाला कपाळ टेकवायची पोज सांगितली, तर मागून काकूंचा आवाज आला, ‘अगं, जरा अंतर ठेव. आजी बघणार आहे अल्बम.’ मी म्हटलं, ‘काकू, नाकांमध्ये दोन बोटं जागा आहे.’ काकू पुढे आल्या, वाकून खात्री करून गेल्या. शेवटी मी त्याला म्हटलं, ‘तिच्या कानात काहीतरी सांग. काहीही सांग.’ तो वाकला. बराच विचार केला. काहीतरी पुटपुटला. आणि ती अशी खळखळून हसली की भावाने गेम थांबवून वर पाहिलं.

लग्नाच्या दिवशी तोच फोटो भल्यामोठ्या कॅनव्हासवर हॉलच्या दारात उभा होता, खाली वळणदार अक्षरांत ‘अव्यक्त’. बायका गुलाबपाणी अंगावर घेत विचारत होत्या, काय बरं म्हणाला असेल? मला माहीत होतं, कारण व्हिडिओसाठी कॉलरला माइक मीच लावला होता. तो म्हणाला होता, ‘पार्किंगची पावती गाडीतच राहिली.’

आता हॉलही मागे पडले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘मन की बात’मधून पंतप्रधानांनी आवाहन केलं की परदेशात जाऊन लग्नं करू नका, देशातच करा. आमच्या गिऱ्हाइकांनी ते तात्काळ पाळलं, कारण इटलीचा बेत कधी नव्हताच. मुलुंडकरांचं डेस्टिनेशन कर्जत, बोरिवलीकरांचं अलिबाग. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो जाते आणि गाडीसकट वऱ्हाड तासाभरात पलीकडे उतरतं. कल्पना अशी की समुद्र, मावळतीचा उजेड आणि मोजकी माणसं. ‘मोजकी’ म्हणजे मोजून एकशे ऐंशी.

गोरज मुहूर्त काढणाऱ्या आपल्या पूर्वजांना प्रकाशाची जाण असली पाहिजे, अशी आम्हा फोटोग्राफरांची श्रद्धा आहे, कारण आमचा गोल्डन अवर नेमका तोच. अडचण एवढीच, की तो मऊ उजेड टिकतो जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं, आणि त्याच वेळात विहिणबाईंच्या मैत्रिणीला स्वतः रचलेलं मंगलाष्टक आठवतं. त्यात दोन्ही घराण्यांतल्या सगळ्यांची नावं गुंफलेली, मावसभावंडांसकट. मामा अंतरपाट धरून उभे, हात थरथरताहेत. मी सूर्याकडे बघतोय, गुरुजी घड्याळाकडे, आणि मुलीचे बाबा केटरर ताटं मोजतोय तिकडे.

रिसॉर्टने नवरा-नवरीसाठी समुद्राकडे तोंड केलेली खास खोली दिलेली असते. तिच्यात आहेराच्या पिशव्या, करवल्यांचे ड्रेस, रुखवतातला जपून आणलेला साखरेचा बंगला आणि पाठीत उसण भरली म्हणून पलंगावर आडव्या झालेल्या एक काकू. एवढा समुद्र, एवढी वाळू, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, त्या दोघांना टेकायला वीतभर जागा नाही.

अलिबागलाच, अशाच एका लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, शूट संपवून मी ट्रायपॉड आवरायला लागलो तशी मुलगी हळूच म्हणाली, ‘दादा, तुम्ही चहा घेऊन या ना. हे राहू दे इथेच.’

‘व्हिडिओ लावून जाऊ का?’

‘नको नको. बंदच राहू दे. नुसता उभा राहू दे.’

मला उजाडायला थोडा वेळ लागला. मग मी कॅमेरा त्या दोघांकडे न रोखता समुद्राकडे वळवला, लेन्सवर झाकण लावलं आणि वाटेवरच्या गार्डला जाऊन सांगितलं, ‘टाइमलॅप्स चालू आहे. अर्धा तास कुणी मध्ये जायचं नाही. एक माणूस गेला तरी सगळं पहिल्यापासून.’ गार्डने छाती पुढे काढली. लांबून चहा पिताना मी बघत होतो. त्याने भाऊ अडवला, करवल्या अडवल्या, हातात हळदीची वाटी घेऊन निघालेल्या प्रत्यक्ष विहिणबाई अडवल्या. विहिणबाई चक्क तोंडावर बोट ठेवून थांबल्या.

तेव्हापासून माझ्या दरपत्रकात एक ओळ वाढली आहे: ‘सनसेट टाइमलॅप्स, अर्धा तास, फोटोग्राफरशिवाय.’ सध्या सगळ्यांत जास्त मागणी तिलाच आहे. अल्बमसाठी लोक रोज फोन करून माझा जीव खातात, टीझर कधी, रील कधी, काकूंचा फोटो बारीक करून द्याल का. टाइमलॅप्स झाला का, असं मात्र आजवर एकाही जोडप्याने विचारलेलं नाही.