दहापर्यंत चढा, मग उतरा

"सुनंदा, तुझी मुरबाडची भाची मागच्या भिंतीवर खडूनं काय लिहून गेली गं? मला वाटलं, कुणाचा खातेनंबर."

"वाचा की काकी. एकापासून दहापर्यंत चढायचं नि परत एकापर्यंत उतरायचं. १२३४५६७८९१०९८७६५४३२१. वीस आकडी मूळ संख्या! एक आणि ती स्वतः सोडली तर कुणाचा भाग जात नाही."

"थांब, तिनानं बघते. चढताना पंचेचाळीस, उतरताना पंचेचाळीस, मधल्या दहाचा एक. एक्याण्णव. नाही जात."

"वा काकी! पण गंमत पुढेच आहे. नऊपर्यंत कुठूनही मागं फिरा, हमखास वर्ग. १२१ म्हणजे अकरा गुणिले अकरा, १२३२१ म्हणजे १११ चा वर्ग. ते १२३४५६७८९८७६५४३२१ दिसायला एवढं रुबाबदार, पण नऊ एक ओळीनं मांडून त्यांचा वर्ग केला की झालं. दहाला मात्र दोन आकडे लागतात, तिथं ती घडी मोडते."

"हे उद्योग कुणाचे?"

"त्या वर्गांचा नाद आपल्याच जिल्ह्यातला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, १९०५ चा जन्म, डहाणूचा."

"डहाणू पालघरात."

"पालघर वेगळं झालं २०१४ ला! देवळालीच्या शाळेत मास्तर होते, १९३० ते १९६२. लोक त्यांच्या ६१७४ या संख्येचंच कौतुक करतात. मला विचाराल तर हे जास्त देखणं. जी.आय.पी. रेल्वेच्या डेमलो स्टेशनात, म्हणजे आताच्या डोंबिवलीत सुचलं म्हणून नाव डेमलो संख्या."

"डोंबिवलीत सुचलं? मी आसनगावहून लोकलनं जाते, डोंबिवलीला श्वास घ्यायचंसुद्धा सुचत नाही!"

"तेव्हा गर्दी कुठली एवढी."

"बरं, पण ही भिंतीवरची मूळच आहे याचा ताळा कुणी केला? पोरीनं?"

"छे! भाग देत बसायचं तर ३५१ कोटींपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लागतील. कॉम्प्युटरला त्याहून चलाख रीती येतात, तो चुटकीसरशी सांगतो."

"मग अकरापर्यंत चढून बघायचं, बारापर्यंत."

"बघितलं की लोकांनी. पुढची, बहुधा मूळच असावी अशी, थेट २४४६ पर्यंत चढल्यावर! १७३५० आकडी. २०१५ साली श्याम सुंदर गुप्तांना सापडली. रेल्वेतले इंजिनिअर."

"म्हणजे परत रेल्वेच. मुरबाडला अजून गाडी नाही, तुझ्या माहेरच्यांचं अवघड आहे बाई."

"येणार म्हणतात."

"म्हणतात गं. ते जाऊ दे, तुझ्या भावानं म्हशाच्या जत्रेत बैल घेतला म्हणे. कितीला बसला?"

"तो आकडा दादा वहिनीलाही सांगत नाही."