तोडीचा प्रस्ताव

मोबाइल नेटवर्क आणि स्मार्ट प्रणालींवरच्या कार्यशाळांसाठी प्रस्ताव मागवण्याची प्रथा थोर आहे. कोल्हापूरचा तर तिच्यावर हक्कच. 1998 साली तिथल्या वारणा खोऱ्यातली 70 गावं संगणकांनी जोडून 'वायर्ड' करायचं ठरलं. पुढे संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल वापरून पाहिला. उसाची माहिती एसएमएसवर मिळू लागली आणि 2007 च्या शोधनिबंधाचं नाव झालं 'वारणा अनवायर्ड'. आधी वायर जोडायची, मग काढायची. संशोधनाला विषय कमी पडत नाहीत.

या एसएमएसमध्ये उणीव एकच. शेतकऱ्याला उत्तर फार लवकर मिळतं. सबब आमचा नम्र प्रस्ताव: तीन दिवसांची राष्ट्रीय कार्यशाळा. दीपप्रज्वलन, फेटे, शाल-श्रीफळ, तांबडा-पांढरा रस्सा. वेळ उरल्यास तांत्रिक सत्र. त्यातून घडेल खरी स्मार्ट प्रणाली. 'माझ्या उसाची तोड कधी?' असं शेतकऱ्यानं विचारताच क्षणात उत्तर येईल: 'आपला ऊस मिळाला. दोन तज्ज्ञांकडे अभिप्रायासाठी पाठवला आहे. नोंदणी शुल्क भरावे. लोकाग्रहास्तव अंतिम मुदत वाढवली आहे. दरम्यान तुरा आल्यास पोस्टर सत्रात विचार होईल.'