सरस, पेच आणि पांडित्य

कपाटाचा सांधा सरसाने धरावा की स्क्रूने, हा प्रश्न सुतारांनी फार पूर्वी निकालात काढला असून तो अद्याप खुला असल्याचा समज केवळ हौशी वर्गात आढळतो. हौशी म्हणजे ज्याच्यापाशी ड्रिल यंत्र आहे, पण गुण्या, म्हणजे काटकोन तपासण्याचे साधन, नाही असा गृहस्थ. प्रस्तुत लेखक या वर्गात अग्रभागी मोडतो.

भाषेने मात्र या वादात उघड पक्षपात केलेला दिसतो. 'सरस' म्हणजे चिकटद्रव्य आणि 'सरस' म्हणजे वरचढही. उलट 'पेच' म्हणजे स्क्रू आणि अडचणही. स्क्रूच्या आट्यांना 'मळसूत्र' म्हणतात. त्यात एक अनुस्वार व एक अक्षर घातले की मंगळसूत्र होते, आणि दोन्ही सूत्रे दोन भिन्न प्रकृतींना एकत्र बांधतात, फरक इतकाच की पहिले उलटे फिरवले असता विनातक्रार सुटते. व्युत्पत्तीच्या कसोटीवर हा संबंध क्षणभरही टिकत नाही, हे ठाऊक असूनही प्रस्तुत लेखकाने तो घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवला आणि त्या काळात त्याने स्वतः करायला घेतलेल्या कपाटाची एकही फळी उभी राहिली नाही.

जुना सरस जनावरांची कातडी व हाडे उकळून करीत आणि तो शेगडीवर तापवूनच लावावा लागे. १९५९ मध्ये फेव्हिकॉल बाजारात आले आणि ती शेगडी हळूहळू विझली. हे पांढरे द्रव्य म्हणजे पाण्यात विखुरलेले पॉलिव्हिनिल ॲसिटेट. पाणी लाकडात मुरले व उडाले की उरलेले कण एकजीव होतात. लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने एकमेकांना भिडले असतील, तर असा सांधा खुद्द लाकडापेक्षाही बळकट ठरतो; तंतूंच्या कापलेल्या टोकांवर मात्र द्रव्य शोषले जाऊन पकड कमी होते. स्क्रूची अडचण निराळी: प्लायवुड हे आडव्या-उभ्या पातळ थरांचे असल्याने त्याच्या कडेत आधी बारीक भोक न पाडता स्क्रू घुसवला, तर तो थरांना धरण्याऐवजी फाकवतो.

या ज्ञानाचे व्याख्यान प्रस्तुत लेखकाने एका मिस्त्रींना दिले. कानावर पेन्सिल खोचलेल्या त्या गृहस्थांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हटले, "साहेब, स्क्रू फक्त सरस वाळेपर्यंत. पुढं धरतो तो सरसच." वाळेपर्यंत फळ्या दाबून धरण्याचे काम शिकंजा करतो आणि शिकंजा नसेल तेथे स्क्रू, एवढाच त्याचा अर्थ होता. लेखकाचा विश्वास तरीही दिसणाऱ्या वस्तूवरच असल्याने त्याने सरस मिस्त्रींच्या सांगण्याप्रमाणे लावला, आणि वर स्वतःच्या समाधानासाठी चाळीस स्क्रू मारले.

अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला, तेव्हा खोलीतच जोडलेले ते कपाट दारातून बाहेर निघेना. बोलावणे गेले ते त्याच मिस्त्रींना. चाळीस स्क्रू दहा मिनिटांत निघाले; सांधे मात्र हलले नाहीत, आणि शेवटी ठोकून फोडले तेव्हा सरस तसाच राहून प्लायवुडचाच वरचा थर सोलून आला. फुटलेल्या कडेवरून तळहात फिरवीत मिस्त्री म्हणाले, "जोड चांगला बसला होता, साहेब."

येथे विनोद थोडा थांबवावा लागतो. ज्यांचे काम नीट झाले की दिसत नाही, त्यांची मजुरी चौरस फुटावर ठरते, आणि त्यातही दहा रुपये कमी करण्यासाठी जो घासाघीस करतो तोच पुढे त्यांना लाकडाचे शास्त्र समजावतो, ही गोष्ट लेखकाला त्या मोडक्या फळ्यांसमोर प्रथमच बोचली. त्या दिवशीची मजुरी त्याने मुकाट्याने मोजली. मिस्त्रींची ती शाबासकी मात्र तो आजही पाहुण्यांना सांगतो, आणि सांगताना ती सरसाला मिळाली होती, एवढा तपशील वगळतो.