सीरम घरच्या घरी, जंतूंसकट
सर्वप्रथम बाटली आणा. तपकिरी काचेची, ड्रॉपरची. निम्मं सीरम बाटलीतच होतं, उरलेलं लेबलावर. लेबलावर ‘शंभर टक्के नैसर्गिक, केमिकलविरहित’ असं लिहा. पाणीसुद्धा केमिकलच असतं, असं म्हणणारा एक भाचा प्रत्येक घरात असतो. त्याला चहा टाकायला पाठवा.

आता कुंडीतली कोरफड कापा. पान थोडा वेळ उभं ठेवून पिवळा चीक निथळू द्यायचा असतो, कारण तो कातडीला झोंबतो. पण घाई असेल तर राहू द्या. गाल लाल झाले की ‘ग्लो आला’ म्हणता येतं. गरात गुलाबपाणी आणि थोडं ग्लिसरीन घाला. पाणी, वनस्पतीचा रस आणि आपल्याकडची हवा: जंतूंना याहून जास्त काही लागत नाही.

मग येतो प्रिझर्व्हेटिव्ह. इथे नवशिक्याने व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडायची, असा रिवाज आहे. ती तेल लवकर खवट होऊ देत नाही. पाण्यातल्या जंतूंशी मात्र तिचं काहीच वैर नाही. टी ट्री तेलाचे चार थेंबही टाकतात. ते पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं आणि एखाद्या दिवशी नुसतंच गालावर येतं. बाटली फ्रिजात ठेवली की झालं, असंही ऐकाल. फ्रिजात जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाही.

खरोखर काम करणाऱ्या फेनॉक्सिइथेनॉलचं नावच ऐकून माणसं दचकतात. युरोपीय नियमांत त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे, म्हणजे १०० ग्रॅम सीरममध्ये जास्तीत जास्त १ ग्रॅम. तो ‘अंदाजे’ घालू नका. लोणच्यात अंदाज खपतो, कारण तिथे मीठ आणि तेल सढळ असतं. स्वयंपाकघरातल्या काट्यालाही इतकं बारीक वजन धड कळत नाही. ग्रॅमचे अंश दाखवणारा छोटा काटा लागेल. तो बाटलीपेक्षा महाग पडतो, म्हणून कुणी घेत नाही.

सोडियम बेंझोएट सरबताच्या बाटलीवर वाचलेलं, म्हणून घरचंच वाटतं. सीरम पुरेसं आंबट नसेल, पीएच ५च्या वर गेला, की ते काम जवळपास सोडून देतं. पीएचची पट्टी नवशिक्याकडे नसतेच. आता थट्टा बाजूला: व्हिटॅमिन सीच्या सीरममध्ये बेंझोएट घालू नका. ऊन-उजेड लागला तर दोघांतून थोडं बेंझिन तयार होऊ शकतं, आणि बेंझिन कर्करोगकारक आहे.

राहिला दाटपणा. नैसर्गिकाच्या भक्तांना आनंदाची बातमी: झँथन गम जिवाणूच बनवतात. तो कोरडाच पाण्यात भुरभुरवा, म्हणजे रात्रीपर्यंत गुठळ्या फोडण्याचा व्यायाम होईल. आधी ग्लिसरीनमध्ये कालवला तर गुठळ्या होत नाहीत, पण मग गंमत काय? अर्धा टक्का पुरे. वर गेलात तर सीरम तार धरतं. दुकानातल्यासारखं पारदर्शक जेल हवं असेल तर कार्बोमर. तो आम्लधर्मी, अल्कली घालून उदासीन केल्याशिवाय फुलत नाही, आणि क्षार दिसले की ढेपाळतो. कोरफडीच्या रसात क्षार असतातच. जवसाचं जेल सगळ्यांत सोपं, आणि नासायलाही सगळ्यांत तयार.

शेवटी बाटली उजेडात धरून ‘किती नितळ!’ म्हणा. मिलिलिटरमागे लाखभर जिवाणू असले तरी द्रव नितळच दिसतो.

मोजमापाचा कंटाळा असेल तर पाण्याचा थेंबही नसलेलं तेलाचं सीरम करा, नाहीतर कोरफडीचा ताजा तुकडा धुऊन चोळा आणि उरलेला टाकून द्या. आणि काहीही केलंत तरी नणंदेच्या वाढदिवसाला बाटली भेट देऊ नका.