साडेतीन टनांचा संसार

मेलबर्नच्या उत्तरेला कॅम्पबेलफील्ड नावाचं उपनगर आहे. ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याचशा कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची घरं, त्या भागात तयार होतात. सुट्टीच्या दिवशी तिथल्या शोरूममध्ये निवृत्तीला टेकलेली जोडपी गंभीर चेहऱ्याने गाद्या दाबून बघत हिंडतात. गादी झाली की वॉशिंग मशीन, मग ओव्हन, मग पलंगावर आडवं पडून टीव्ही दिसतो का. या सगळ्याच्या खाली चाकं आहेत आणि ती चाकं एका अत्यंत वाईट रस्त्यावरून जाणार आहेत, हा विषय निघेपर्यंत दुसरा चहा होऊन गेलेला असतो.

अशाच एका जोडप्याची ही हकिगत. मूळचं सांगलीकडचं, मुलं मोठी होऊन पांगलेली, आणि गृहस्थांनी निवृत्तीनंतर आउटबॅक, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा आतला ओसाड मुलूख, पालथं घालायचं जाहीर केलेलं. विक्रेत्याने त्यांना पहिल्यांदा 'हायब्रिड' दाखवली. म्हणजे निम्मा तंबू, निम्मं घर. वजनाला हलकी, वाळूत चपळ. स्वयंपाकघर बाहेरच्या बाजूने ड्रॉवरसारखं ओढून काढायचं.

"अहो, पोळ्या बाहेर लाटायच्या?"

"बाहेरच. मोकळ्या हवेत."

"आणि माश्या?"

आउटबॅकमधल्या माशीला माणसाच्या डोळ्यांचं, नाकाचं आणि कणकेचं सारखंच आकर्षण असतं. लोक तिथे टोपीला जाळी लावून फिरतात. जाळीतून पोळी लाटता येते, खाता येत नाही. हायब्रिड बाद झाली.

मग आली खरी 'ऑफ-रोड' कॅरॅव्हॅन. जाडजूड चेसिस, पुढे दगड अडवायची जाळी, कमरेपर्यंत काळा पत्रा, मागे दोन स्टेपन्या. अंगावर डोंगराचं चित्र. डोंगराचं चित्र लावायला कोणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे ते जवळजवळ प्रत्येक मॉडेलवर असतं. शहाण्या माणसाने चित्राऐवजी वॉरंटीची पुस्तिका वाचावी, कारण गाडी कोणत्या रस्त्यावर मोडली तर कंपनी हात वर करणार, हे तिथे बारीक टायपात असतं. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने २०२२ मध्ये नव्या कॅरॅव्हॅनच्या विक्रीवर अहवाल काढला. त्यासाठी केलेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्या ग्राहकांपैकी सुमारे ८० टक्के लोकांनी गाडीत काही ना काही बिघाड निघाल्याचं सांगितलं होतं. उरलेल्या वीस टक्क्यांची गाडी बहुधा अजून अंगणातून बाहेर पडायची असावी.

गृहस्थ चित्रावर खूश होते. बाई जन्मभर हिशेब तपासनीस. त्यांनी पर्समधून पेन काढलं.

तिथल्या मोठ्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांची ओढण्याची कमाल मर्यादा साधारण ३,५०० किलो. विक्रेत्याने दाखवलेली कॅरॅव्हॅन रिकामी २,९०० किलोची. राहिले ६००. पाण्याच्या दोन टाक्या मिळून १९० लिटर, म्हणजे तितकेच किलो; पाण्याच्या वजनात घासाघीस होत नाही. गॅसचे दोन सिलिंडर, गाद्या, भांडी, खुर्च्या, पुढे बांधायचा मांडव, हत्यारं, आणि "असू दे, लागलं तर" या सदरात मोडणाऱ्या सगळ्या वस्तू. सहाशे किलो गाडी हलायच्या आधी कागदावरच संपले.

खरी गंमत पुढे होती. कॅरॅव्हॅनच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा दांडीवाटे ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या गोळ्यावर येतो. म्हणजे ३५० किलो. ते गाडीच्या स्वतःच्या बोज्यात मोजायचे. गाडीची बोजा वाहायची ताकद असते सातशे किलोच्या आसपास. उरलेल्या साडेतीनशेत कांगारूंच्या धडकेसाठी पुढे लावलेला लोखंडी बंपर, टपावरचा कॅरियर, फ्रिज, जादा डिझेल आणि नवरा-बायको. बाईंनी बेरीज दोनदा केली. दोन्ही वेळा नवरा जास्त झाला.

या धंद्यातला पेच हाच. रस्ता खडतर म्हणून गाडी भक्कम बांधायची, भक्कम बांधली की ती जड होते, जड झाली की वाळूत रुतते, आणि रुतली की बाहेर काढायला लागणारं सामान आणखी जड. तरीही प्रत्येक गिऱ्हाईक आधी घर निवडतं, मग ते ओढणारी गाडी, आणि शेवटी नकाशा उघडतं. उलट क्रमाने गेलं तर अर्धे प्रश्न उरत नाहीत. सिम्प्सन वाळवंटात हजाराहून जास्त वाळूच्या टेकड्या एकापाठोपाठ एक उभ्या आहेत. तिथे वॉशिंग मशीनवाली कॅरॅव्हॅन नेणाऱ्याला भक्कम चेसिसची नाही, समुपदेशनाची गरज असते. बर्ड्सव्हिल ट्रॅक मात्र ५१७ किलोमीटरचा, बहुतांशी सपाट. कोरडा असताना बेताची गाडीही निभावून नेते. पाऊस पडला की तिथे कुठलीच गाडी ऑफ-रोड राहत नाही, सगळ्या रस्त्यातच राहतात.

आणि गिब रिव्हर रोड. किंबर्ली प्रदेशातला सुमारे ६६० किलोमीटरचा रस्ता, मुळात गुरं नेण्यासाठी केलेला. त्यावर पन्हळी पत्रा अंथरल्यासारख्या आडव्या लाटा उठलेल्या असतात. भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत वाळूवर चाक गोलगोल फिरवून पाहिलं. एका ठरावीक वेगाच्या पुढे लाटा उठतातच, चाकाला स्प्रिंग असो वा नसो. म्हणजे प्रत्येक ड्रायव्हर मागच्यासाठी लाटा घडवत आणि पुढच्याच्या नावाने बोटं मोडत जात असतो.

या थरथरीत स्क्रू आपणहून बाहेर येतात. कपाटांची दारं उघडतात. ॲल्युमिनियमचे बियरचे कॅन एकमेकांवर घासून त्यांना भोकं पडतात आणि संध्याकाळी फ्रिज उघडल्यावर पुरुषमंडळींचा आवाज बसतो. पिशवीतल्या वाइनला हा धोका नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात वाइनची पिशवी ही युक्ती १९६५ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाच्याच थॉमस अँगोव्हने काढली, यात नवल नाही. काही धोरणी लोक झाकणाच्या बादलीत पाणी, साबण आणि कपडे घालून निघतात. मुक्कामाला पोचेपर्यंत कपडे धुऊन तयार. बाईंनी ही माहिती ऐकली आणि वॉशिंग मशीनवर काट मारली. पस्तीस किलो वाचले.

चाकांच्या बाबतीत दोन पंथ आहेत. एक म्हणतो प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन, कॉइल स्प्रिंग आणि जोडीने शॉकप हवेत. दुसरा म्हणतो, पाटेच बरे; तुटले तरी कुठल्याही गुरांच्या फार्मवरचा वेल्डर चिकटवून देईल. दोन्ही पंथांचे लोक संध्याकाळी शेकोटीपाशी तावातावाने भांडतात. टायरमधली हवा कमी करून हळू चालवणारा तिसरा माणूस मात्र तोवर जेवून झोपलेला असतो.

धुळीचं तर विचारू नका. खड्ड्यांत पिठासारखा लाल फुफाटा साचलेला असतो. गॅसच्या सुरक्षेसाठी कॅरॅव्हॅनला कायमच्या झरोक्यांची सक्ती, आणि त्याच झरोक्यांतून धूळ आत. उपाय म्हणून टपावर पुढे तोंड करून एक झडप बसवतात. धावताना तिच्यातून हवा आत दाबली जाते आणि धूळ बाहेर राहते. राहते म्हणजे, बरीचशी राहते.

या वाळवंटातले रस्ते काढणाऱ्या लेन बीडेल या सर्वेक्षकाने हे लाड काही केले नाहीत. वूमेरा तळावरच्या रॉकेट चाचण्यांसाठी त्याने १९५५ ते १९५८ या काळात वाळवंटातून गनबॅरल हायवे काढला. आणखी एका रस्त्याला बायकोचं नाव दिलं, एकाला लेकीचं. ॲन बीडेल हायवे, कॉनी सू हायवे. तान्ह्या कॉनी सूला घेऊन ॲनबाई स्वतः त्या कामावर गेल्या होत्या. हायवे म्हटल्यावर कोणी टोलनाका शोधू नये. आजही त्या दोन चाकोऱ्यांच्या वाटा आहेत. त्याच्याही आधी, १८६६ मध्ये, कराचीहून शंभरावर उंट आणि त्यांचे हाकारे पोर्ट ऑगस्टाला उतरले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, हे गृहस्थांनी विक्रेत्याला अभिमानाने सांगितलं. दणकट उंट पाच-सहाशे किलो वाहतो, शॉकप तापत नाहीत, आणि झरोके देवाने बंद करता येतील असे दिलेत. विक्रेत्याने विषय हप्त्यांवर आणला.

शेवटी दोघं जुन्या गाड्यांच्या जाहिरातींकडे वळली. तिथे एक मजकूर पुनःपुन्हा भेटतो: भारी ऑफ-रोड कॅरॅव्हॅन, सर्व सोयी, फक्त डांबरी रस्त्यावर वापरलेली. अशीच एक पाहायला ती गेली. गृहस्थांनी वाकून चेसिस पाहिली. लाल मातीचा कण नव्हता. ते भलतेच खूश झाले आणि घासाघिशीला बसणार, एवढ्यात बाईंनी मालकाला पाण्याच्या दोन्ही टाक्या भरायला लावल्या. माहेरी उसाची शेती. गाडी भरल्याशिवाय काट्यावर न्यायची नसते, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

"अहो, तुम्ही पण बसा," त्या म्हणाल्या. "वजनात तुम्हीही आहात."