बसवलेले की चिकटवलेले?

नागपूरहून चंद्रपूर-गडचिरोलीकडे स्वतःच्या गाडीने निघणाऱ्यांत दोन पंथ आहेत. पहिल्याच्या गाडीत वाट दाखवणारे यंत्र कारखान्यातूनच डॅशबोर्डात बसवून आलेले असते. दुसऱ्याने ते वेगळे विकत घेऊन रबरी चकतीने काचेला चिकटवलेले असते. हल्ली त्या जागी मोबाइल असतो, पण पंथ तोच. दोघे एका गाडीत बसले की बुटीबोरीच्या आतच वाद पेटतो आणि वरोऱ्यापर्यंत पुरतो. या वादात रस्त्याचा विषय कधीच निघत नाही, हे मला विशेष कौतुकास्पद वाटते. तत्त्वाच्या चर्चेत मुरूम आणि खडी आणू नये.

मी दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या आहेत. दोन्ही बरोबर आहेत.

आधी बसवलेल्याची बाजू. त्याचा अँटेना बहुधा छतावर असतो, पडदा मोठा असतो आणि चाकांच्या फिरण्यावरून व पोटातल्या जायरोस्कोपवरून गाडी किती पुढे गेली, कुठे वळली, याचा हिशेब अनेक यंत्रे स्वतःच ठेवतात. हे महत्त्वाचे आहे. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथून निघालेला संदेश मुळातच क्षीण, त्यात तो आलापल्लीच्या भिजलेल्या सागाच्या पानांतून गाळून खाली यायचा. अशा वेळी चिकटवलेले यंत्र बावचळते, थांबते, ‘शोधत आहे’ म्हणते. बसवलेले असला कमकुवतपणा दाखवत नाही. वरून काही कळेनासे झाले तरी ते अंदाजाने, त्याच सुरात, वळणे सांगत राहते. ठाऊक नसताना आवाज न बदलणे ही पुढारीपणाची खूण आहे. आपण माणसांत तिला मते देतो, मग यंत्रात का नको?

शिवाय त्याचा नकाशा साधारण गाडीच्या वयाचा असतो. तो नवा करायचा तर शोरूममध्ये जायचे, कार्ड घ्यायचे, पैसे मोजायचे. अर्थातच कोणी जात नाही. त्यामुळे गाडी जुनी होत जाते तसा तिच्या पडद्यावरचा मुलूखही जुना, शांत आणि कमी रस्त्यांचा होत जातो. नदीवर नवा पूल झाला तरी या पडद्यावर गाडी निळ्या पट्ट्यातून कोरडीच पलीकडे जाते. वसुदेवाला यमुनेने वाट दिली त्यानंतर हा चमत्कार इतक्या नियमितपणे कुठे घडल्याचे ऐकिवात नाही.

आता चिकटवलेल्याची बाजू. ते स्वस्त, सुटसुटीत आणि कोणत्याही गाडीत चालते. मुक्कामाला पोचल्यावर ते काढून खोलीत नेता येते, म्हणजे आपण कुठे झोपलो आहोत तेही कळते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की रबरी चकती हवा सोडते आणि यंत्र चालकाच्या पायाशी येऊन पडते. काहीजण याला दोष मानतात. मला यात नम्रता दिसते. बसवलेल्याने अशी शरणागती कधी पत्करल्याचे ऐकले आहे काय?

मोबाइलवाल्यांचा अनुभव आणखी उंचीचा आहे. उपग्रहाचा संदेश ऐकायला मोबाइलचे नेटवर्क लागत नाही, नकाशा उतरवून घ्यायला मात्र लागते. नकाशा घरूनच उतरवून ठेवता येतो, पण एवढे धोरण ज्याच्यापाशी आहे त्याला यंत्राची गरजच काय? एटापल्ली मागे पडली, टॉवर संपले, की पडद्यावर कोरी पांढरी जागा उरते आणि तिच्या मध्यभागी एक निळा ठिपका. आपण आहोत, एवढेच तो सांगतो. कुठे, ते सांगत नाही. वेदान्ताला इथवर पोचायला बरीच शतके लागली.

या शास्त्राची परंपराही तशीच थोर आहे. होंडाने 1981 मध्ये गाडीसाठी नकाशा दाखवणारे एक यंत्र काढले. त्यात उपग्रह नव्हते, जायरोस्कोप होता, आणि पारदर्शक नकाशे एकामागून एक पडद्यापुढे सरकवावे लागत. निघताना आपण नेमके कुठे आहोत हे चालकाने आधी यंत्राला दाखवायचे, मग यंत्र चालकाला दाखवणार. इतका परस्परविश्वास पुढे राहिला नाही. नंतर जीपीएस आले, पण मे 2000 पर्यंत अमेरिका नागरिकांच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे, शंभरेक मीटरची. ती बंद झाली. तेव्हापासून चुकण्याची सारी जबाबदारी आपल्यावर आली आणि ती आपण स्वबळावर पार पाडत आहोत.

जामच्या फाट्यावर चंद्रपूरचा रस्ता सोडून जे सरळ पुढे जातात ते हिंगणघाटला पोचतात. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. कर्नल विल्यम लॅम्बटन तिथेच विसावला आहे. 1802 पासून दक्षिणेकडून त्रिकोण जोडत जोडत त्याने हिंदुस्थानचे मोजमाप आरंभले, त्यासाठी अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट माणसांकरवी वाहून नेला आणि 1823 मध्ये हिंगणघाटला देह ठेवला. चिकटवलेल्यांच्या पंथाचा हाच आद्यपुरुष म्हणायला हवा, कारण त्याचेही यंत्र कुठेही नेता येत होते. फरक इतकाच, की तो आधी मोजायचा आणि मग सांगायचा. या पद्धतीत फार वेळ जातो.

बसवलेल्यांच्या पंथालाही स्थानिक पूर्वज आहेत. ताडोबाच्या जुन्या रस्त्याकडेला गोंडकालीन दगडी खांब आजही उभे आहेत. राजाची स्वारी निघाली की खांबांवरून बांधलेल्या दोराने घंटा वाजवत खबर पुढे जायची, असे गाइड सांगतात. शेकडो वर्षांत एकदाही अपडेट नाही, तरी खांब जागच्या जागी. ही व्यवस्था राजाला वाट दाखवत नव्हती, राजा येतोय म्हणून इतरांना बाजूला व्हायला सांगत होती. मोठ्या गाडीत बसलेल्या आपल्या बंधूंनाही यंत्राकडून मनातून हेच हवे असते. कंपन्यांनी विचार करावा.

ताडोबाचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी अशी जंगलात शिरायची दारे निरनिराळी आणि बुकिंग एकाच दाराचे. पण यंत्रात नुसते ‘ताडोबा’ लिहिणे जास्त सोपे. मग मोहर्लीचे बुकिंग खिशात घालून कुटुंब पहाटे चिमूरच्या बाजूला कोलाऱ्यापाशी उभे राहते. तिथून मोहर्ली दूर नाही, असे यंत्र समजावते, कारण त्याने अंतर जंगलाच्या मधून धरलेले असते. त्या वाटेवर वाघाला मोकळीक आहे, खासगी गाडीला नाही. मग मोठा फेरा घालून पोचेपर्यंत सफारी सुटलेली असते, पण चंद्रपूर जिल्ह्याचे असे सर्वांगीण दर्शन जिप्सीत बसून झाले नसते.

आष्टीचेही तसेच. एक आष्टी वर्धा जिल्ह्यात, एक बीड जिल्ह्यात, दोन्ही तालुक्याची गावे, आणि एक चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेजवळ. यंत्राच्या ठायी भेदभाव नाही. त्याला तिन्ही सारख्याच प्रिय. आलापल्ली ते सिरोंचा या शंभरेक किलोमीटरना ते दोन तास सांगते, तोही असाच समभाव. लोहखनिजाचे ट्रक, खड्डे, पाऊस, बैल, यांतले काहीही त्या दोन तासांत धरलेले नसते. एसटीच्या वाहकाला विचारले तर तो आकडा न सांगता फक्त हसतो. यंत्र निदान आकडा तरी सांगते.

दोन्ही पंथ एकमुखाने बोलतात ते पावसाळ्यात. भामरागडला पर्लकोटा, इंद्रावती आणि पामुलगौतमी एकत्र येतात. पर्लकोटेच्या जुन्या ठेंगण्या पुलावरून पावसाळ्यात पाणी वाहू लागले की हेमलकसा अलीकडे, भामरागड पलीकडे, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘भामरागडचा संपर्क तुटला’ हे ठरलेले शीर्षक. पडद्यावर मात्र रस्ता अखंड असतो. बसवलेल्यावर निळा, चिकटवलेल्यावर हिरवा, दोन्हींवर कोरडा. अलीकडच्या काठावर पानठेल्यावर बसलेला माणूस ओरडून सांगतो, “पुलावून पानी चालू आहे जी, नोका जाऊ.” त्याच्याकडे अँटेना नसतो, अपडेट नसते, वॉरंटीही नसते. त्याने ते पाणी नुसते पाहिलेले असते. एवढ्या तुटपुंज्या आधारावर पंचवीस लाखांची गाडी थांबवायची का, हा प्रश्न रास्त आहे, आणि काच खाली करण्याआधी तो विचारला जातोच. सुदैवाने पोलिसांनी आडवा बांबू लावलेला असतो. त्याला काच खाली करावी लागत नाही.

पानठेल्यावर विचारण्यात इतरही धोके आहेत. तो आधी तुम्ही कुणाकडे चाललात ते विचारतो, मग ते घरी नाहीत हे सांगतो. यंत्राने असा खासगी प्रश्न कधीही विचारलेला नाही. गेलेल्या वाटेने परतताना तो ओळख दाखवतो, हे आणखी अवघड.

म्हणून माझा सल्ला असा की दोन्ही यंत्रे घ्यावीत. एक डावीकडे म्हणाले आणि दुसरे उजवीकडे, तर जास्त महागाचे ऐकावे. दोघांनी मिळून पांदणीत घातले तर एकमत झाले म्हणून समाधान मानावे. पांदण आधी अरुंद होते, मग नुसती दोन चाकोऱ्या उरतात, मग धानाची बांधी लागते आणि गाडी चिखलात बसते. ठीक त्याच जागी यंत्र घोषणा करते की आपण स्थळी पोहोचला आहात. या टप्प्यावर ट्रॅक्टर लागतो. दुरून पाहणारा एखादा पोरगा सायकलवरून टोल्यावर जातो, ट्रॅक्टरवाला चुलत्याला घेऊन येतो आणि कासऱ्यापेक्षा जाड दोर आहे का याची आधी चर्चा होते.

ट्रॅक्टर यायच्या आत लांबून फोन लागलाच, तर बसवलेल्या यंत्रावर आपले अक्षांश-रेखांश दशांशचिन्हापुढे पाच घरांपर्यंत स्पष्ट दिसतात. ते सगळे नीट वाचून दाखवावेत. ट्रॅक्टरवाला ऐकून घेतो आणि विचारतो, “ते झालं जी, पण कोनाच्या बांधीत फसली?” या माहितीसाठी दोन्ही यंत्रांत अजून रकाना नाही. पुढच्या अपडेटात तो आला की लगेच घ्यावा, तोवर गाडीतच बसून राहावे. बूट नवे असतील तर विशेषतः.